हिरव्या पानाची साक्ष

गेल्या श्रावणात आमच्या सूनबाईंनी मॉलमधून झटपट शिजणाऱ्या नूडल्सची पाकिटे आणिली. नातवंडांच्या असल्या खाण्यावर आमचा कटाक्ष असतो, हे त्यांस ठाऊक, म्हणून आधीच म्हणाल्या, “मामंजी, हे सेंद्रिय आहे, पोटाला बाधत नाही.” पाकिटावर हिरवे पान होते खरे. आम्ही चष्मा लावून मागील बारीक अक्षरे वाचली. मैदा, पामतेल, मीठ, साखर! मैदा सेंद्रिय गव्हाचा झाला म्हणून गेलेला कोंडा परत येत नाही, आणि साखर सेंद्रिय उसाची असली तरी ती साखरच.

तेव्हा हे पान नेमकी कशाची साक्ष देते, याचा विचार आम्हां धान्यवाल्यांनी तरी करावयास हवा. केंद्र सरकारचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ साली सुरू झाला. देशांतील विक्रीसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम २०१७ साली आले, व ‘जैविक भारत’ ही खूण त्यांतलीच. हंगामी पिकाचे शेत पेरणीपूर्वी सामान्यतः दोन वर्षे रासायनिक खतांपासून व औषधांपासून दूर ठेवावे लागते. अनेक जिनसांच्या तयार पदार्थात, पाणी व मीठ वगळून, किमान ९५ टक्के घटक प्रमाणित लागतात. ही सामान्य गोष्ट नव्हे, आणि जो शेतकरी हे सारे सोसतो त्याची थट्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु ही साक्ष माल पिकविण्याच्या व हाताळण्याच्या रीतीची आहे. दाणा पोसलेला की पोचट, जुना की नवा, डाळ नीट शिजेल की नाही, याविषयी पान मुके आहे.

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतच; पुढील सारे बेळगावच्या रविवार पेठेतील गादीवर झाले. पोत्यात पोकळ सळई खुपसून मूठभर वानगी काढावी, दाणा दाताखाली फोडून ओलावा पाहावा, वास घ्यावा, चाळणीखाली सोंडे पडतात का ते पाहावे, हीच आमची परीक्षा. आता सेंद्रिय मालाला वखारीत विषारी गोळ्यांची धुरी चालत नाही. ती न चालणे योग्यच. पण म्हणूनच वाळविण्यात व साठविण्यात ज्याने हयगय केली, त्याचे पोते पावसाळा सरेतो किड्यांचे घर होते. आम्ही प्रमाणपत्र असलेली ज्वारी परत धाडिली आहे, आणि खतावर पिकलेली निवडक ज्वारी बेधडक घेतली आहे.

वखारीत काय घडू शकते याचे मोठे उदाहरण तिळाचे. २०२० साली आपल्याकडून युरोपात गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइडचा अंश सापडला. त्यात सेंद्रिय म्हणून गेलेला मालही होता. हा जंतू मारण्याचा वायू. तो शेतात फवारीत नाहीत, माल निघाल्यावर वापरतात. परिणामी २०२२ च्या आरंभापासून युरोपीय संघाने भारतात काम करणाऱ्या पाच प्रमाणन संस्थांची मान्यता काढून घेतली. शेतकऱ्याने वर्षानुवर्षे सांभाळलेले नाव मधल्या हातांनी घालविले, आणि मधले हात म्हणजे आपणच.

येथे आमचाही एक दोष सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी तयार खिचडीची पाकिटे बनविणाऱ्या एका गृहस्थांनी आमच्याकडून साठ पोती साधी तूरडाळ रोखीने नेली. पाकिटांवर ‘सेंद्रिय’ छापलेले असते, हे आम्हांस माहीत होते. आम्ही विचारले नाही. तीच डाळ त्या पाकिटांत गेली, असे म्हणावयास आमच्यापाशी पुरावा नाही. पण न विचारण्याचे कारण आम्ही जाणतो. प्रमाणित मालाच्या प्रत्येक व्यवहाराबरोबर व्यवहाराचे प्रमाणपत्र जावे लागते. त्याविषयी विचारण्याला काही खर्च पडत नव्हता. फक्त साठ पोत्यांचे गिऱ्हाईक जाण्याची भीती होती.

यंदा दसऱ्यापूर्वी तेच गृहस्थ पुन्हा आले. या खेपेस आम्ही स्पष्ट सांगितले की, बिलावर ‘साधी तूरडाळ, सेंद्रिय नव्हे’ असे लिहून देऊ. चालत असेल तर माल न्यावा. ते हसले, चहा घेतला, आणि दोन दुकाने सोडून पलीकडे गेले. त्या दुकानाचे मालक आपल्याच संघाचे सभासद आहेत.