आठवड्याची गोळी

भगिनींनो, आमवाताच्या बाईची बोटे सकाळी तास-दीड तास वळत नाहीत. तिला आळशी म्हणू नका. हात कोमट पाण्यात बुडवू द्या. तोवर भाकरी दुसऱ्याने थापावी. पुरुषांनी थापली तरी चालते!

खरी काळजी गोळीची. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. आमच्या चाळीतल्या मावशींनी ती रोज घेतली. फॉलिक ॲसिडची गोळीही तशीच पिवळी, चिठ्ठी इंग्रजीत, घरात वाचणारे कोणी नाही. तोंड आले, रक्तातल्या पेशी घटल्या, १५ दिवस इस्पितळात काढले. ताप किंवा तोंड आले तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठावे. रक्ततपासणी चुकवू नये.

आता पाकीट सुनेच्या कपाटात असते. नातू दर रविवारी कॅलेंडरवर लाल खूण करतो, मगच ती गोळी हातावर ठेवते.