डाग घालवायचेत की रंग?

मंडळी, मेडिकलवाल्याकडून ‘डाग जायची क्रीम’ आणून रोज चोपडता ना? ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा की जरा! हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. हे तिसरं म्हणजे चक्क स्टेरॉइड. स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री सरकारने २०१८ सालीच बंद केली, पण काउंटरवर विचारतो कोण? सुरुवातीला चेहरा उजळतो. मग कातडी पातळ, लाली, पुरळ... आणि थांबवलं की डाग परत हजर!

ट्रेटिनॉइन वाईट नाही हो. पण ते रात्री, वाटाण्याएवढं, सुरुवातीला दिवसाआड. दिवसा सनस्क्रीन हवंच. गरोदरपणी अजिबात नाही. न वाचलेला कोड आपण प्रॉडक्शनवर टाकत नाही, मग चेहऱ्यावर कशाला? आधी त्वचारोगतज्ज्ञ गाठा.