नमुना तयार घ्यावा, मजकूर आपला असावा

मंगल परिणयाचे दिवस जवळ आले की घराघरांत पत्रिकेची गडबड सुरू होते. पूर्वी छापखान्यात जाऊन कार्डांचा आल्बम चाळावा लागे. आता घरातील मुलगा किंवा मुलगी मोबाईल उघडते आणि डझनावारी तयार नमुने समोर येतात. सोय झाली, खर्चही वाचला. ज्या घरात छपाईचा पैसा जड जातो त्या घराने अशा नमुन्याचा जरूर उपयोग करावा. त्यात कमीपणा मुळीच नाही.

परंतु तयार नमुना म्हणजे कोरा कागद नव्हे. ज्याने तो केला त्याच्या श्रद्धा आणि रीतिरिवाज त्यात अगोदरच छापलेले असतात. माथ्यावर गणपती, त्याखाली कुलदेवता, मध्ये शुभमुहूर्त, कडेला कलश-नारळ. आपली मंडळी गणपती काढतात, तेथे बुद्धमूर्ती बसवितात आणि बाकीचे सर्व तसेच राहू देतात. मग वर तथागत आणि खाली मुहूर्त अशी पत्रिका आप्तेष्टांच्या हाती पडते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रतिज्ञा मानणाऱ्या घराची ही पत्रिका आहे, हे वाचणाऱ्यास कसे कळावे?

दुसऱ्याची रीत घेऊन ती आपली कशी करावी, याचा धडा बाबासाहेबांच्या पत्रांतच आहे. पत्राच्या माथ्यावर एखादे वचन छापण्याची रीत त्या काळच्या वृत्तपत्रांत होती. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाले, तेव्हा बाबासाहेबांनी ती रीत घेतली आणि भीड सोडून बोलण्याविषयीचा तुकोबांचा अभंग निवडला. 3 एप्रिल 1927 रोजी निघालेल्या 'बहिष्कृत भारत'च्या माथ्यावर ज्ञानेश्वरांच्या ओव्या आल्या. चौकट ओळखीची होती, तीत बसविलेला प्रश्न मात्र आपला होता. पुढे 1930 साली सुरू झालेल्या 'जनता'चे नाव 1956 च्या फेब्रुवारीत 'प्रबुद्ध भारत' झाले. विचार पुढे गेला तसा मथळाही बदलला.

तेव्हा आमची पहिली सूचना अशी की, मोबाईल उघडण्याआधी वही उघडावी. मजकूर आधी लिहावा, नमुना नंतर शोधावा. आपण उलट करतो. नमुना आवडतो, मग त्यातील रिकाम्या जागा भरत जातो. त्या जागाच आपल्याकडून नको ते लिहवून घेतात. वधूच्या नावामागे 'चि. सौ. कां.' तयार असते, म्हणजे तिला शुभेच्छा द्यायची ती सौभाग्याची जोड देऊनच. आपल्याकडे आयुष्मान आणि आयुष्मती हे शब्द आहेत. दोघांनाही सारखेच दीर्घायुष्य चिंतणारे शब्द असताना उसने कशाला आणावेत? मुहूर्ताच्या जागी साधी वेळ लिहावी आणि त्याच वेळेला विधी सुरू करावा. विधी त्रिसरण-पंचशीलासह बौद्ध पद्धतीने होईल, हे स्पष्ट छापावे.

निमंत्रकांच्या ओळीकडे तर विशेष लक्ष द्यावे. नमुन्यात तेथे 'श्री. व सौ.' अशी जोडी ठरलेली असते. ज्या घरी वडील हयात नाहीत, त्या घरी ही जागा काका नाहीतर मामा भरून काढतात. जिने धुणीभांडी करून, मजुरी करून मुलीला पदवीपर्यंत शिकविले, त्या आईचे नाव केवळ ती विधवा म्हणून खालच्या बारीक अक्षरांत जाते. स्त्री-पुरुष समतेची भाषणे आपण दरवर्षी ऐकतो. तिची पहिली परीक्षा आपल्या घरच्या पत्रिकेत असते. तेथे आईचे नाव पहिले, ठळक आणि एकटे छापावे. नमुन्यात जागा नसेल तर तो नमुना सोडावा, आईला सोडू नये.

मजकूर ठरला की त्याला शोभेल असा साधा नमुना शोधावा. ज्यात चित्रे कमी व मोकळी जागा जास्त, तो बदलायला सोपा. भरगच्च नमुन्यातून एक चित्र काढले की दुसरे उघडे पडते.

आता चिन्हांविषयी. मोबाईलवर 'बुद्ध' म्हणून शोधले की पोट सुटलेली हसरी मूर्तीही दिसते. ती बुदाई नावाच्या चिनी भिक्खूची आहे, गौतम बुद्धांची नव्हे. धम्मचक्र म्हणून काही वेळा बाहेर मुठी आलेले जहाजाचे चाक गळ्यात पडते. आठ आऱ्यांचे चक्र अष्टांगिक मार्गाचे, तर राष्ट्रध्वजावरील अशोकचक्र चोवीस आऱ्यांचे, हे मोजून घ्यावे. पिंपळपानाचे टोक लांब शेपटीसारखे असते. ते नसेल तर ते विड्याचे पान समजावे. पंचशील ध्वजाचे रंग निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, केशरी या क्रमाने येतात व शेवटच्या पट्ट्यात पाचही रंग असतात. सिंहांची राजमुद्रा मात्र खासगी पत्रिकेवर छापू नये. ती शासनाची आहे आणि तिच्या वापरावर 2005 च्या कायद्याने व 2007 च्या नियमांनी बंधने आहेत.

पत्रिकेवर बुद्धमूर्ती हवीच, असाही आग्रह नसावा. कार्यक्रम संपला की कार्डे पायदळी येतात, हे आपण पाहतोच. सांचीच्या तोरणांवर जुन्या शिल्पकारांनी तथागतांना बोधिवृक्ष, चक्र, रिकामे आसन आणि पदचिन्हे यांतून दाखविले आहे. आपल्या भाजे आणि कार्ल्याच्या लेण्यांतील चैत्यकमान ही तर महाराष्ट्राची स्वतःची चौकट आहे. साध्या रेघेत ती कमान काढून आत मजकूर बसविला तर दुसऱ्या सजावटीची गरज उरत नाही. बाबासाहेबांचे छायाचित्र घेतले तर ते कोपऱ्यातून धरून लहान-मोठे करावे. बाजूने ओढले की चेहरा रुंद होतो. यंत्राकडून चेहरा गुळगुळीत करून घेण्याच्या फंदात पडू नये.

निळा रंग आपल्या जिव्हाळ्याचा, पण छपाईत तोच फसवितो. मोबाईलच्या पडद्यावर प्रकाशामुळे तो झळाळतो, कागदावर मात्र शाईने येतो. त्यात गुलाबी शाईचे प्रमाण वाढले की निळ्याचा जांभळा होतो. छापखान्यात आधी एक प्रत काढून दिवसाच्या उजेडात पाहावी. 5 बाय 7 इंचांच्या कार्डासाठी चित्र निदान 1500 बाय 2100 ठिपक्यांचे असावे. व्हॉट्सॲपवर ते फोटो म्हणून पाठविले की बारीक होते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवावे.

अक्षरांचेही तसेच. इंग्रजी नमुन्यातील सुंदर वळणात पुष्कळदा देवनागरी नसते आणि जोडाक्षरे फुटतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेची 'मुक्ता' आणि 'बालू' ही देवनागरी वळणे मोफत मिळतात. मथळ्याला एक आणि मजकुराला एक, अशी दोन वळणे पुरतात. छापखान्यात जुन्या पद्धतीचा फॉन्ट असेल तर मोबाईलवरचा मजकूर तेथे गेल्यावर विस्कटू शकतो. यासाठी प्रूफ घरातील दोघांनी स्वतंत्रपणे वाचावे. 'बुद्ध', 'दीक्षा', 'प्रज्ञा', 'आशीर्वाद' हे शब्द, तारीख आणि पत्ता बोट ठेवून तपासावा.

हे काम घरातील तरुण मुलामुलींकडे जरूर सोपवावे. त्यांना हात आहे, नजर आहे. मात्र वही घेऊन आधी आजी-आजोबांजवळ, आई-वडिलांजवळ बसण्यास त्यांना सांगावे. कोणता शब्द का गाळला आणि कोणता का घातला, याची चर्चा त्या वेळी घरात झाली तर पत्रिकेबरोबर धम्माचा पाठही होऊन जाईल. पत्रिका दोनशे घरी जाते. ती घेणारा शेजारी कोणत्याही धर्माचा असो, आपण कसे जगू इच्छितो हे त्याला भाषण न करता सांगण्याची ही संधी आहे. ती वाया जाऊ देऊ नये.

जयभीम!