गाण्यांचा ताळेबंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने गाण्यांवर लेख लिहावा, हे काहींना विचित्र वाटेल. पण मला लिहायचे आहे ते गाण्यांच्या साठ्याविषयी. आणि साठा म्हटला की तो आमच्याच शाखेचा विषय झाला.

अलीकडे काही घरांत एक नवी पेटी दिसू लागली आहे. तिला नेटवर्क स्टोरेज म्हणतात. दोन किंवा चार हार्ड डिस्क पोटात घेऊन ती राउटरला जोडलेली कोपऱ्यात बसते आणि घरातल्या कोणत्याही फोनवर तिच्यातले गाणे ऐकता येते. जुना संगणक, पेनड्राइव्ह, सीडी यांवर विखुरलेली गाणी एकदा या पेटीत टाकली की संग्रह सुरक्षित झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. माझे म्हणणे असे की, पेटीने संग्रह सुरक्षित होत नाही. तो हलविताना हिशेब ठेवला तरच टिकतो.

कोणी म्हणेल, आज सगळी गाणी फोनवर मिळत असताना हा खटाटोप कशाला? चित्रपटगीतांपुरते हे बरेचसे खरे आहे. परंतु आमच्या बुऱ्हाणपुरातील मराठी घरांत ज्या जुन्या कॅसेटी आहेत, त्यांत काय आहे? आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या, गणेशोत्सवातील एखादे कीर्तन, रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरून घेतलेली भावगीते. आजीच्या ओव्या कोणत्याही कंपनीने काढलेल्या नाहीत. त्यांची जगात एकच प्रत आहे, आणि ती आपल्या कपाटात आहे.

आता हिशेबाकडे येऊ. साठ मिनिटांच्या दोनशे कॅसेटी आहेत असे धरा. सीडीच्या दर्जाने ध्वनी साठविला तर तासाला सुमारे ६३५ एमबी जागा लागते. म्हणजे सगळा माल १२७ जीबीचा. आजच्या डिस्कवर हा एका कोपऱ्यात मावेल. तेव्हा प्रश्न जागेचा नाही, वाहतुकीचा आहे. बिनतारी जोडणीवरून सेकंदाला १० एमबी वेगाने हा माल नव्या पेटीत न्यायला साडेतीन तास लागतात. तेवढ्यात वीज गेली तर? फाइलचे नाव पलीकडे दिसते, पण आतले गाणे अर्धेच उतरलेले असते. आमचे गाव यंत्रमागाचे. वीज परत आल्यावर कारागीर आधी धागा कुठे तुटला ते पाहतो, मग माग चालू करतो. संगणकापुढे बसलेल्या माणसाने एवढे तरी करावे. शक्यतो केबल लावावी, आणि जुन्या साठ्यातला एकही आकडा पुसण्याआधी दोन्ही बाजू जुळवाव्यात.

जुन्या वहीची अखेरची शिल्लक हीच नव्या वहीची आरंभीची शिल्लक, हा आमचा पहिला धडा. इथेही फाइलींची संख्या आणि एकूण आकारमान जुळले पाहिजे. त्याहून पक्का ताळा म्हणजे चेकसम. फाइलमधून गणिताने काढलेला हा एक आकडा असतो. फाइलमध्ये किंचित फरक पडला तरी तो बदलतो. ही तपासणी करणारी साधने फुकट मिळतात.

ताळ्याची जबाबदारी मोठ्यांनाही टळत नाही. मायस्पेस हे एके काळचे जगातील मोठे संकेतस्थळ. सर्व्हर बदलताना त्यावरील जुनी गाणी नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये कंपनीने कबूल केले. बारा वर्षांत लोकांनी चढविलेली ती गाणी ५ कोटींहून अधिक असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. पुढे त्यांतली सुमारे ४ लाख ९० हजार गाणी इंटरनेट आर्काइव्हने लोकांना खुली केली. तीही कोणा अभ्यासकांनी पूर्वी आपल्यापुरती उतरवून ठेवली होती म्हणून. शंभरातले एकही गाणे धड हाती लागले नाही, आणि जे लागले ते दुसऱ्या प्रतीमुळे.

दुसऱ्या प्रतीबाबतही एक गैरसमज आहे. पेटीत दोन डिस्क असतात आणि एकीवर लिहिलेले दुसरीवर आपोआप उमटते. एक डिस्क बिघडली तर याचा उपयोग होतो, यात शंका नाही. पण चुकून एक फाइल पुसली, तर ती दोन्हीकडून पुसली जाते. विजेच्या झटक्याने पेटीच जळाली, तर दोन्ही डिस्क एकदमच जाऊ शकतात. तेव्हा दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर, आणि शक्य तर निराळ्या घरात हवी.

सर्वांत दुर्लक्षित बाब नावांची. गौहर जानने १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केले, तेव्हा गाण्याच्या अखेरीस तिने स्वतःचे नाव उच्चारले. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत. तिथल्या कारागिराला गायिका कोण हे कळावे, अशी त्यामागची सोय सांगितली जाते. आपल्या संग्रहात मात्र ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशी रांग असते. नावे दिली तरी एकवाक्यता नसते. कोणी ‘गंगूबाई हनगल’ लिहितो, कोणी ‘हंगल’. कन्नडिग मित्र आपल्या लिपीत लिहितो. आपल्या दृष्टीने बाई एकच, पण पेटी तीन गायिका मोजते. ज्या मासिकात मराठी आणि कन्नड विभाग शेजारी नांदतात, त्याच्या वाचकांना हे अधिक सांगायला नको. एकच नाव ठरवा आणि ते सर्वत्र तसेच लिहा.

गंगूबाई निदान ओळखू तरी येतील. ओव्या म्हणणारा आवाज थोरल्या आजीचा की धाकट्या आजीचा, हे सांगणारे माणूस घरात एखादेच उरलेले असते. ते गेल्यावर फाइल शाबूत राहूनही तिची मालकी हरवते. खतावणीत रक्कम आहे, पण खातेदाराचे नाव नाही, अशी ही अवस्था होय.

सोळाव्या शतकात पुंडरीक विठ्ठल हा कर्नाटकातला संगीतपंडित आमच्या बुऱ्हाणपूरच्या फारुकी दरबारी आला आणि बुऱ्हाणखानाच्या आश्रयाने त्याने ‘सद्रागचंद्रोदय’ हा ग्रंथ लिहिला. फारुकींचे राज्य १६०१ मध्ये संपले. ग्रंथ मात्र उरला, कारण तो एका वाड्यात बंद राहिला नाही. त्याच्या हस्तलिखित प्रती झाल्या. नक्कल करणाऱ्या त्या लेखनिकांनी रागांची आणि ग्रंथकर्त्याची नावे नीट उतरवली, म्हणून आज आपण त्याला नावाने ओळखतो.

आजची पेटीही पाच-दहा वर्षांनी जुनी होईल आणि संग्रह पुन्हा हलवावा लागेल. हे काम एकदाच करून संपणारे नाही. दर वर्षाच्या ताळेबंदासारखे ते करीत राहावे लागते. तेव्हा मित्रहो, येत्या सुटीत पेटी जरूर घ्या. पण आधी एक साधी वही घ्या, घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा, कॅसेट लावा आणि विचारा, हा आवाज कोणाचा? पेटी पुढच्या वर्षीही दुकानात मिळेल.