पाया पडणारे पुष्कळ

रविवारच्या पुरवणीत 'घरच्या घरी फूट स्पा' हा लेख मी आजवर निदान दहा वेळा तरी वाचला असेल. लेखिका बदलते, चित्र बदलत नाही. एक गोरीपान पोटरी, पितळेचे घंगाळ आणि त्यात तरंगणाऱ्या गुलाबाच्या पाकळ्या. मजकूरही ठरलेला. गरम पाणी घ्या, मूठभर मीठ टाका, लिंबू पिळा, पाय बुडवा आणि पंधरा मिनिटे डोळे मिटून शांत बसा. दिवसभराचा शीण पळालाच म्हणून समजा!

माझे भांडण आहे ते 'डोळे मिटून' या दोन शब्दांशी. ते का, हे सांगण्यासाठी तुम्हाला जरा दूर, भोपाळला न्यावे लागेल.

माझी मावशी लग्न होऊन डिचोलीहून भोपाळला गेली ती १९६८ साली. काका भेलमध्ये. त्या काळी भेलच्या वसाहतीत मराठी घरे इतकी होती की मावशीला हिंदी शिकायला दोन वर्षे लागली, असे ती अजून अभिमानाने सांगते. पुढे तिने तिथल्या एका शाळेत बत्तीस वर्षे शिकवले. शाळेचे नाव सांगत नाही. त्या शाळेत वर्गात शिक्षिकेला खुर्ची नसे. बसून शिकवणारी शिक्षिका आळशी, असा मुख्याध्यापकांचा ठाम सिद्धांत होता. म्हणजे दिवसाचे सहा तास उभे राहणे आणि घरी आल्यावर ओट्यापाशी पुन्हा उभे राहणे. पाय दुखतात हे वाक्य मी तिच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलोय. 'पाऊस पडतोय' हे वाक्य ज्या सुरात म्हणतात, त्या सुरात ती ते म्हणायची आणि आम्हीही त्याच सुरात ऐकायचो.

काका गेल्यानंतर ती साकेत नगरच्या घरात एकटीच राहते. मुलगा पुण्यात. आईच्या पंचाहत्तरीला त्याने फूट स्पाचे यंत्र पाठवले. प्लॅस्टिकचा टब, तळाशी फिरणारी रुळे, पाण्यात बुडबुडे, पाणी गरम ठेवणारी तार आणि थरथर. मावशी खूश! शेजारणींना बोलावून तिने ते दाखवले. एक-दोघींनी नाके मुरडली. आपल्यात सुना पाय चेपून देतात, यंत्रे कसली आणता? मावशीने त्यांना जे उत्तर दिले ते मला फार आवडले. ती म्हणाली, माझ्या सासूचे पाय मी एकवीस वर्षे चेपले, तेव्हा माझे कोणी चेपले?

तेव्हा यंत्राविरुद्ध माझी काही तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. 'आमच्या वेळी काशाची वाटी होती, खोबरेल तेल होते, काय ते सुख!' असे उसासे टाकणाऱ्यांनी ती वाटी कोणाच्या हातात असायची तेही सांगावे. ती असायची घरातल्या सर्वांत धाकट्या सुनेच्या, नाहीतर गड्याच्या हातात. आपल्या कॅलेंडरांवर शेषशायी विष्णूचे पाय लक्ष्मी चेपत बसलेली असते. लक्ष्मीचे पाय चेपणारे कॅलेंडर कोणी छापल्याचे माझ्या पाहण्यात नाही. यंत्राने सुनेची सुटका झाली असेल तर आनंदच आहे.

पण त्या वाटीच्या टोकाला एक माणूस होते. ते तळपायाला भेग पडली की पाहायचे, काटा रुतला की काढायचे, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या की सांगायचे. यंत्राने चेपणे घेतले, पाहणे घेतले नाही, आणि आपण मात्र दोन्ही कामे त्याच्याकडे सोपवून मोकळे झालो.

२०२४च्या डिसेंबरात मी भोपाळला गेलो तेव्हा मावशीच्या उजव्या पायाला मोठे बँडेज होते. तिला वीस वर्षांपासून मधुमेह. यंत्रातले पाणी तिला 'गरमच लागत नव्हते'. म्हणून ती किटलीतले उकळते पाणी त्यात वरून ओतायची. एके रात्री टीव्हीवरची मालिका पाहत तिने अर्धा तास पाय बुडवले. दुसऱ्या दिवशी फरशी पुसायला आलेल्या बाईला लादीवर ओले डाग दिसले. पुसले तरी पुन्हा उमटत होते. तिने मान वर करून विचारले, "अम्मा, आपके पाँव में क्या हुआ?" तळव्याला टरारून फोड आले होते, एक फुटलाही होता. "भाजलें तें म्हाका कळ्ळेंच ना रे," मावशी मला सांगत होती. भोपाळात छप्पन वर्षे काढूनही दुखणे सांगताना तिच्या तोंडी कोकणीच येते.

डॉक्टरांनी तिची परीक्षा घेतली ती तिने मला करून दाखवली. नायलॉनचा एक तंतू असतो, दहा ग्रॅमचा दाब दिला की वाकणारा. डोळे मिटायला सांगतात आणि तो तळव्यावर जागोजाग टेकवतात. लागले की 'हो' म्हणायचे. मावशी डोळे मिटून वाट पाहत राहिली आणि शेवटी तिनेच विचारले, सुरू कधी करणार? तपासणी संपलेली होती.

जखम भरायला पाच महिने लागले आणि अंगठ्याजवळचे बोट गेले.

यात डॉक्टरांना नवल वाटण्यासारखे काहीच नव्हते. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायांच्या टोकापर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूंना इजा होते. आधी मुंग्या येतात, आग होते. मग हळूहळू ऊन-गार, दुखरे-खुपरे काहीच कळेनासे होते. रक्तपुरवठाही कमी झालेला असला की जखम भरत नाही. अशा माणसांनी पाय भिजवत बसूच नये, रोज कोमट पाण्याने धुवावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, पाण्याची ऊब पायाने नव्हे तर कोपराने किंवा दुसऱ्या कोणाकडून पाहावी आणि तळवे रोज डोळ्यांनी तपासावेत, हे मधुमेहाचा कोणताही डॉक्टर सांगेल. त्या यंत्राच्या पुस्तिकेतही 'मधुमेहींनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा' असे होते म्हणे. ते होते इंग्रजीत, शेवटच्या पानावर, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत.

आता तुम्ही म्हणाल, भोपाळची गोष्ट आम्हा गोंयकारांना कशाला? मंडळी, जून २०२३मध्ये आयसीएमआरचे देशव्यापी सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. भारतात १० कोटींवर मधुमेही आहेत, हे त्यात होतेच. पण राज्यांच्या यादीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण कोणाचे निघाले? गोव्याचे, २६.४ टक्के! म्हणजे चार प्रौढांमागे एकाहून अधिक. मासळीबाजारात तुमच्या पुढेमागे उभी असलेली माणसे मोजा म्हणजे हिशेब कळेल. आणि त्यानंतरही आमच्या पुरवण्यांत गुलाबाच्या पाकळ्या तरंगतातच आहेत. मिठाचे प्रमाण चमच्यांत सांगणाऱ्या लेखात 'मधुमेह असेल तर हे करू नका' हे सहा शब्द मावत नाहीत. याला मी निष्काळजीपणाच म्हणेन.

पण सगळा राग पुरवणीवर काढणे सोपे आहे. माझा मावसभाऊ दर दिवाळीला आईच्या पाया पडतो. मी स्वतः गेल्या दहा वर्षांत दोन लग्नांत आणि एका मुंजीत तिच्या पाया पडलो. अगदी वाकून, अंगठ्यांना हात लावून. त्या अंगठ्याशेजारचे बोट काळपट पडत चालले होते का? मला आठवत नाही. पाया पडताना कोणी पायांकडे पाहत नाही. वाकायचे, आशीर्वाद घ्यायचा, उठायचे. आपण पायांची इतकी पूजा करतो, पादुका, चरणतीर्थ, चरणरज, पण ज्याला पाय म्हणतात तो हाडामांसाचा अवयव आपल्याला दिसतच नाही.

याचे जाहीर प्रदर्शनही भोपाळनेच पाहिले आहे. सीधी जिल्ह्यातल्या एका आदिवासी माणसावर लघवी केल्याचा किळसवाणा व्हिडिओ जुलै २०२३मध्ये बाहेर आला. ६ जुलैला तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी त्याला भोपाळच्या आपल्या निवासस्थानी बोलावून त्याचे पाय धुतले. कॅमेरे होतेच. निवडणूक चार-पाच महिन्यांवर होती. त्याआधी फेब्रुवारी २०१९मध्ये प्रयागराजच्या कुंभात पंतप्रधानांनी सफाई कामगारांचे पाय धुतले होते, तेव्हाही निवडणूक जवळच होती आणि कॅमेरे होतेच. दोन्ही वेळी मी ती चित्रे पाहिली आणि मला आठवतात ते धुणाऱ्यांचे चेहरे. पाय कसे होते? त्यांना भेगा होत्या? गटारात उतरताना त्या पायांत बूट असतात का? त्यावर चर्चा झाल्याचे मला तरी आठवत नाही.

आणि याच भोपाळात, पाय म्हणजे काय हे दिल्लीला दाखवणाऱ्या बायका होऊन गेल्या. १९८९ साली रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोन गॅसपीडित कामगार स्त्रिया आपल्या सहकारणींना घेऊन भोपाळहून दिल्लीला चालत गेल्या. साडेसातशे किलोमीटर! वायूने फुफ्फुसे जळलेल्या बायकांनी. २००६ आणि २००८मध्ये गॅसपीडित पुन्हा पायी दिल्लीला गेले. मागण्यांत एक होती स्वच्छ पाण्याची, कारण कारखान्याभोवतीच्या वस्त्यांचे भूजल विषारी झाले होते. पाय धुवायला नव्हे, प्यायला पाणी हवे होते. त्या दोघींना २००४ साली गोल्डमन पुरस्कार मिळाला. त्या पैशातून उभ्या राहिलेल्या चिंगारी ट्रस्टमध्ये आज अपंगत्व घेऊन जन्मलेल्या मुलांना व्यायामोपचार मिळतात. तिथे मुलांचे पाय रोज हातात घेऊन पाहिले जातात. मावशीच्या घरापासून शहराच्या त्या टोकाला आहे, पण एकाच गावात.

सगळीकडे अंधारच आहे असेही नाही. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांचे तळवे मांडीवर घेऊन फोडांना मलम लावणारी, तेल चोळणारी माणसे भेटतात. ती नमस्कारही करतात, पण आधी पाय बघतात. केरळने २०१८मध्ये दुकानांत काम करणाऱ्यांना बसायची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले, २०२१मध्ये तमिळनाडूने तेच केले. कोळिकोडच्या कापडदुकानांतल्या बायका त्यासाठी वर्षानुवर्षे भांडल्या होत्या. दिवसभर उभे ठेवून रात्री पाय भिजवायचे यंत्र विकण्यापेक्षा एक स्टूल देणे स्वस्त पडते, हे तिथे कायद्याला कळले. पणजीत पुढच्या वेळी साडी घ्यायला जाल तेव्हा काउंटरमागे जरा वाकून पाहा, त्या मुलीला बसायला काही आहे का.

ज्यांचे पाय धडधाकट आहेत, त्यांनी खुशाल फूट स्पा घ्यावा. अंगाला सोसेल इतके कोमट पाणी, दहा-पंधरा मिनिटे, आणि नंतर बोटांच्या बेचक्या नीट पुसणे. फक्त डोळे मिटू नका. आणि आईवडिलांना यंत्र पाठवायचे असेल तर एकदा जाऊन त्यांचे तळवे उजेडात बघून या.

मावशी या चतुर्थीला गोव्यात आली होती. मी खाली बसून तिचा पाय हातात घ्यायला गेलो तर तिने तो झटकन साडीत ओढून घेतला. "कितें पळयता रे? पांय पळोवपाक मेळ्ळे तुका?" लाजली होती. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईला आपले पाय कोणी पाहतो याची लाज वाटली. बऱ्याच विनवण्यांनंतर तिने तो पुढे केला. तळव्यावरचा व्रण अजून गुलाबी होता.

तिला स्वतःला वाकून तळवा दिसत नाही. भोपाळला ती फरशी पुसणारी बाईच रोज सकाळी काम झाले की हातआरसा धरून दोन्ही पाय तपासते आणि काही दिसले तर पुण्याला फोन करते. तिचा पगार वाढव, असे मी मावसभावाला सांगितले. त्याने महिन्याला दोनशे रुपये वाढवले आहेत. यंत्र साडेचार हजारांचे होते.