विहीर कोरडी अन् मोटार मोठी



सरकारने पैसा सोडला की काम निघते, बाजार हलतो, असे दर अंदाजपत्रकाला ऐकू येते. या विचाराचे मूळ इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ केन्स यांच्याकडे जाते. १९२९ नंतरच्या मंदीत तिकडे गिरण्या होत्या, कामगार होते, पण माल घेणारा नव्हता. अशा वेळी सरकारने कर्ज काढूनही खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे. तिथे ते बरोबरच होते. विहिरीला पाणी आहे अन् मोटार बंद आहे, तर मोटार चालू करावी. पण विहीरच कोरडी असली तर दहाची मोटार बसवून काय उपयोग?

आपली विहीर कोरडी होती. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत १२०० कोटींची तूट धरली, तेव्हाच १९५६ साली मुंबई विद्यापीठातील वकील आणि ब्रह्मानंद या प्राध्यापकांनी बजावले होते, की या देशात तुटवडा आहे तो मजुराला लागणाऱ्या धान्य-कापडाचा. नोटा छापता येतात, ज्वारी छापता येत नाही.

तरी १९९७ पर्यंत केंद्राची तूट भरायला रिझर्व्ह बँक नवा पैसा पुरवीत राहिली. १९७४ साली घाऊक भाव वीस टक्क्यांहून जास्त चढले. दुष्काळ आणि तेल ही कारणे होतीच, तुटीच्या पैशाने त्यात भर घातली. महागाई झाली की खत, डिझेल आपण चढ्या भावाने घ्यायचे. साखर मात्र लेव्हीत स्वस्त द्यायची. ही लेव्ही २०१३ पर्यंत चालली. खर्च दिल्लीने केला, वर्गणी उसाने भरली!

मग सरकारने खर्चच करू नये का? तसं नाही. वि. स. पागे यांची रोजगार हमी बघा. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पोचली. पुढे तिच्यासाठी नोकरदार-व्यापाऱ्यांवर व्यवसाय कर बसला, आपल्या बागायतीवरही उपकर बसला, अन् राज्याने आपली भर घातली. पैसा छापला नाही, मागून घेतला. त्यातून जिथे पाझर तलाव, नालाबांध झाले तिथल्या विहिरींना पाणी वाढले. जिथे नुसती खडी फोडली तिथे मजुराची चूल पेटली, हेही मोलाचे. पण पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तीच खडी.

शहागडच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. पैठणचे जायकवाडी धरण हाही सरकारी खर्चच. पण त्याने पाणी साठले, डाव्या कालव्याने ते अंबड भागात आले अन् रानात ऊस उभा राहिला.

तेव्हा गावाला निधी मंजूर झाला, की नुसता आकडा ऐकून हार घालू नका. ग्रामसभेत उभे राहून दोनच गोष्टी विचारा: हा पैसा कुणाकडून आला, अन् याने पाणी किती अडणार?