भांडार एक असावें कीं अनेक?

भाऊ वेगळे निघाले म्हणजे शेत वांटतां येतें, भांडींकुंडीं वांटतां येतात. तंटा उरतो तो विहिरीचा. आमच्या संगणक-वर्गांत यंदां असाच एक तंटा उभा राहिला आहे. हजेरीचा, गुणपत्रिकांचा व ग्रंथालयाचा असे तीन प्रोग्रॅम आम्हीं लिहिले. त्यांचें भांडार एक करावें कीं तीन ठेवावींत? भांडार म्हणजे रेपॉझिटरी: प्रोग्रॅमचा सर्व मजकूर, आणि त्यांत कोणीं, केव्हां, काय फेरफार केला याची अखंड बखर.

हा प्रश्न आमच्याहून फार थोरांसहि पडला होता. एलएलव्हीएम हा कंपायलर रचण्याच्या साधनांचा संच २००० सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत सुरू झाला. क्लँग हा त्याचा भाऊबंद; तो सी व सी प्लस प्लस या भाषा वाचतो, आणि यंत्रास कळणाऱ्या आज्ञा तयार करण्याचें काम एलएलव्हीएमकडून करून घेतो. गोम अशी कीं, एलएलव्हीएमची अंतर्गत रचना कायम राहील असें वचन त्याचे कर्ते मुळींच देत नाहींत. तेथें एखाद्या फंक्शनचें नांव बदललें, कीं क्लँग अडलाच. बदल एक, पण नोंदी दोन. आणि त्या दोहोंच्या मधल्या अवधींत जो कोणी मजकूर उतरवून घेई त्याच्या हातीं मोडकें यंत्र येई. पुढें एखादा जुना दोष शोधूं जावें, तर कोणत्या एलएलव्हीएमशीं कोणता क्लँग जुळत होता हेंच आधीं हुडकणें आलें.

जुनी सबव्हर्जन पद्धत सोडून गिटहबवर जावयाचें निघालें तेव्हां, २०१६ पासून, यावर बरीच भवति न भवति झाली. विरोधकांचें म्हणणें पोकळ नव्हतें. ज्यास एक लहानशी लायब्ररी हवी, त्यानें सगळ्या कंपायलरचा इतिहास कां वाहावा? अखेर ऑक्टोबर २०१९ मध्यें स्थलांतर पुरें झालें, तें एकाच भांडारांत. परंतु चाचणीच्या प्रोग्रॅमांचा मोठा संच त्यांनीं बाहेर निराळाच ठेविला, आणि मला तर यांतच त्यांचें खरें शहाणपण दिसतें. नुसतें नातें पुरेसें नाहीं. ज्यांस एकाच वेळीं बदलावें लागतें त्यांनींच एका छपराखालीं यावें.

मोठेपणाचें भय पुष्कळांस वाटतें. आमच्यापुरतें तें हास्यास्पद आहे. गूगलच्या एका भांडारांत जानेवारी २०१५ मध्यें सुमारें दोन अब्ज ओळी होत्या. अर्थात् त्यासाठीं त्यांस पायपर नांवाची खास व्यवस्था बांधावी लागली, आणि अँड्रॉइड व क्रोम हे तरीहि बाहेरच होते. याहून खरी अडचण वाचण्याच्या अधिकाराची. गिटमध्यें एकाच भांडाराचा अर्धा भाग दाखवावा व अर्धा झांकावा, हें साधत नाहीं. आमच्यांतील कित्येकांस म्हणूनच गुणपत्रिकेची धास्ती वाटते. पण गुण हे भांडारांत ठेवण्याची वस्तूच नव्हे. तेथें राहावयाचा तो केवळ गुण मांडणारा प्रोग्रॅम, आणि तो कोणीहि खुशाल वाचावा.

आतां आमची विहीर कोणती तें सांगतों. विद्यार्थ्यांची यादी वाचणारा भाग हजेरींत व गुणपत्रिकेंत एकच आहे, पण दोन ठिकाणीं नक्कल करून ठेवलेला. गेल्या जूनमध्यें तुकड्यांचीं नांवें बदललीं. हजेरीनें तीं ओळखलीं, गुणपत्रिकेनें नाहीं, आणि एका तुकडीची अख्खी यादी कोरी छापून निघाली. (ती दुरुस्त करण्यांत आमचा एक रविवार गेला.) ग्रंथालयाचा प्रोग्रॅम मात्र त्या भागास शिवतहि नाहीं; त्याचें सारें काम कार्डाच्या क्रमांकावर चालतें.

म्हणून माझें मत असें कीं, हजेरी व गुणपत्रिका एकत्र याव्या. ग्रंथालयानें आपल्या घरीं सुखानें राहावें. जोडतांना मात्र दोन्हीं बखरी जशाच्या तशा आणाव्या, नुसता मजकूर उचलून नवें खातें मांडूं नये. नाहींतर आमच्या आधीं शाळा सोडून गेलेल्या मुलांचीं नांवें त्या कामावरून पुसलीं जातील. आणि हें सर्व दिवाळीच्या सुटींत व्हावें, परीक्षेच्या आठवड्यांत नव्हे.